अर्धा राब

राब भाजावा की भाजू नये, हे मला अजून नीट कळलेलं नाही. हसाल तुम्ही, कारण लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून आमचा राब मीच भाजत आले. नवरा मुंबईला छापखान्यात. तो गणपतीला यायचा, जमलं तर लावणीला यायचा, आणि आल्यावर पाहुण्यासारखं गरम पाणी मागायचा. शेती माझीच होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे भात थेट शेतात पेरत नाहीत. आधी एका तुकड्यात रोप करायचं, पाऊस जोर धरला की ते उपटून शेतात लावायचं. रोपाच्या त्या तुकड्यावर शिमग्याच्या आगेमागे शेण पसरायचं, त्यावर तोडून वाळवलेल्या फांद्या, त्यावर झडलेल्या पानांचा पातेरा आणि गवत, वरून बारीक मातीचा थर. मग वारा जिकडे जातो त्या टोकाला पेटवायचं, म्हणजे आग वाऱ्याच्या विरुद्ध हळूहळू सरकत येते आणि माती पोटातून भाजते. त्याला राब म्हणतात. भडकली तर सगळं फुकट, विझली तरी फुकट. मला ते चांगलं जमायचं, हे स्वतःच सांगते, कारण दुसरं कोणी सांगणार नाही.

मग माझ्या छातीतून शिट्टी वाजायला लागली. आधी थंडीत, मग बारा महिने. दापोलीच्या डॉक्टरांनी एका नळीत जोरात फुंकायला लावलं, आकडा बघून तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "मावशी, धूर बंद. चुलीचा, राबाचा, कसलाच नको." चुलीचं मी समजू शकते, गॅस होताच. पण राबाचं त्यांनी असं सांगितलं, जसं कुणी पानात लोणचं घेऊ नका म्हणून सांगावं.

मुलगा नालासोपाऱ्याला. त्याला हे कळलं आणि त्याने फोनवर हिशोबच मांडला. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर शेती नाही, शेती नाही तर तुम्ही दोघं तिथे बसून काय करताय? इकडे या. त्याचं चुकत नव्हतं, आणि त्याचाच मला राग आला. मी त्याच्याकडे राहून आलेय. सून चांगली आहे, नातवंडं गोड आहेत, पण तिथली दुपार संपत म्हणून नाही. पाय कुठे ठेवावा ते कळत नाही. मला जायचं नव्हतं. या वयात मला एवढंच हवं होतं की माझं भात माझ्या शेतात व्हावं आणि ते मी करावं.

आमचे हे निवृत्त होऊन घरी आले त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. शेतीतलं त्यांना काही येत नव्हतं, पण मतं पुष्कळ होती. त्याच सुमारास गावच्या देवळात शेतीची सभा झाली. कृषी खात्याची एक तरुण मुलगी आली होती, तिने चिमूटभर माती कसल्याशा यंत्राखाली ठेवली आणि पडद्यावर दाखवली. हे घरी आले ते चप्पल न काढताच ओटीवर चढले.

"अगो, मातीत केवढे जीव असतात तुला माहीत आहे?"

"आहे. इतकी वर्षं त्यातच आहे मी."

"तसे नव्हेत गो. डोळ्यांना न दिसणारे." आणि मग मला उभं करून सगळं ऐकवलं. कुजका पाला खाणारे जंतू असतात, बुरशी असते. त्यांना खाणारे सुतासारखे किडे असतात. त्या किड्यांना खाणारे आठ पायांचे असतात, त्यांना खाणारे आणखी. आणि या सगळ्या खाण्यापिण्यातून जे मागे पडतं, ते भाताच्या मुळांना मिळतं. आपण राब भाजतो तेव्हा वरच्या थरातला हा सगळा गाव जळून जातो, असं ती मुलगी म्हणाली म्हणे.

"म्हणजे आपण भाजतो ते पाप," मी विचारलं, "आणि ते एकमेकांना खातात ते पुण्य?"

यावर ते पाणी प्यायला आत गेले. पण माझ्या डोक्यात ते राहिलं ते राहिलंच. इतकी वर्षं मी शेकोटीसारखी आग पोसत होते, रोप काळंभोर यायचं, तण येत नव्हतं, मुळं खाणारी हुमणी लागत नव्हती. हे सगळं मारून होत होतं की काय? आणि मारून होत होतं तर मग होत कसं होतं?

ह्यांनी ठरवलं की यंदा राब भाजायचाच नाही. शेण कुजवून घालायचं, पाला मातीत मिसळायचा, बस. मी म्हटलं, रोप नाही आलं तर तुमचा मुलगा गाडी घेऊन दारात उभा राहील, आणि मग तुमच्या त्या आठ पायांच्यांना घेऊन जा नालासोपाऱ्याला. दोन दिवस बोलणं बंद. शेवटी तोडगा मीच काढला. अर्धा भाजायचा, अर्धा नाही. मध्ये छोटासा बांध.

भाजायचा अर्धा शेजारच्या चाचीने भाजला. तिचं शेत आमच्याला लागून, तिचे मुलगे कतारला, आणि शेतीत ती माझ्यासारखीच एकटी. "तू पडवीत बस गो, दार लाव," म्हणाली. मी दार लावून बसले आणि फटीतून बघत राहिले. ती आग जरा भरभर घेते, माझ्यासारखी नाही. मला दोनदा उठून सांगावंसं वाटलं. पण वास आत आलाच, आणि छातीतली शिट्टी सुरू झाली, तशी मी गप्प बसले.

मे संपता संपता दोन्हीकडे बी पेरलं. आणि तिथून जो गोंधळ सुरू झाला, तो आजतागायत संपलेला नाही.

न भाजलेल्या अर्ध्यात पेरल्याच्या दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग लागली. प्रत्येकीच्या तोंडात माझं बी. भाजलेल्या बाजूला एक मुंगी नाही. मी ह्यांना हाताला धरून नेलं. "हे बघा तुमचे जीव. जेवायला बसलेत." ते म्हणाले, मुंग्या त्यातल्या नव्हेत. मी म्हटलं, मग कशातल्या? तर म्हणाले, विचारून सांगतो. मी परत बी टाकलं आणि वर राख भुरभुरली. राख टाकल्यावर हे म्हणतात, "म्हणजे तू भाजल्यासारखंच केलंस." माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण ते म्हणत होते ते खरंही होतं.

पाऊस आला. भाजलेल्या बाजूचं रोप तरारून वर आलं, गडद, एकसारखं. न भाजलेलं पिवळट, आणि त्यात तण इतकं की रोप कोणतं आणि गवत कोणतं ते शोधावं लागे. मी जिंकले असं मला वाटलं. कबूल करते, मला बरं वाटलं. चाचीला बांधावरून दाखवलंसुद्धा. ती म्हणाली, "मेली आगच बरी."

मग पावसाने दडी मारली. ऊन असं पडलं की भाजलेल्या बाजूची माती वर कडक झाली, तिला भेगा पडल्या, आणि माझं ते गडद रोप दुपारी माना टाकायला लागलं. न भाजलेलं पिवळट होतं ते पिवळटच राहिलं, पण उभं राहिलं. त्याच्या बुडाशी बोट घातलं तर ओल लागत होती. आता सांगा. हे मी सभेत ऐकलं असतं तर मानलं नसतं, पण बोट माझंच होतं. हे नुसते बांधावर उभे राहिले आणि मिशीत हसले, ते बोलण्यापेक्षा वाईट.

पण पाऊस परत आल्यावर तण काढायचं कोणी? मीच. ओल्यात उकिडवं बसून, डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन, एकेक काडी. वाकलं की पोट छातीवर येतं आणि श्वास अर्ध्यावरच अडकतो. धूर नव्हता, तरी शिट्टी वाजत होती. हे माझ्या किंवा कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, डॉक्टरांच्याही नाही, की राब नाही भाजला तर त्याची भरपाई माझ्या कमरेतून आणि छातीतूनच व्हायची आहे. भाजलं तरी दम, न भाजलं तरी दम. मला तिथे चिखलात बसल्या बसल्या रडूच आलं, आणि रडताना दम जास्त लागतो म्हणून ते आवरावं लागलं.

निदान शेवटी कळेल तरी, असं वाटत होतं. लावणीला दोन्हीकडची रोपं वेगळ्या खाचरांत लावायची, कापणीला वेगळी झोडायची, म्हणजे निकाल लागेल. ह्यांनी काठ्या रोवून हद्द केली. पण आमच्याकडची लावणी कशी होते ते त्यांनी कधी नीट पाहिलंच नव्हतं. आज तुझ्या शेतात सगळ्या, उद्या माझ्या शेतात सगळ्या. बायका ओळीत वाकलेल्या, हात थांबला की "मूठ टाक गो" अशी हाक, आणि जिच्या हाताला जवळ असेल ती रोपाची मूठ उचलून भिरकावते. रिकामा हात ठेवणं ही आमच्यात लाजेची गोष्ट. कुठली मूठ भाजलेल्या राबाची आणि कुठली नाही, हे बघायला कोण थांबणार? हे बांधावरून ओरडत होते, "अगो ती नको, ती इकडची!" बायका हसत होत्या, आणि मुठी उडत होत्या. दुपारपर्यंत सगळं एक झालं. मी कपाळावर हात मारला, तोही चिखलाचा.

भात झालं. चांगलं झालं. कशामुळे झालं ते देवाला माहीत.

कापणीच्या आधी, गणपतीला मुलगा आला होता, तेव्हा मी खाचरात बेणणी करत होते, तण उपटत होते. मी त्याला पाहिलं नाही, त्यानेच मला पाहिलं. बांधाला हात टेकून मी श्वास घेत होते, तोंड उघडं टाकून. तो जेवताना म्हणाला, "आई, धुराचा प्रश्नच नाही आहे. तुला शेतीच झेपत नाही." मग बापाकडे वळून म्हणाला, "पुढच्या वर्षी रोप करू नका. मेमध्ये मी न्यायला येतो." हे मान खाली घालून जेवत राहिले. मला वाटलं, ह्यांना हवंच आहे. मुंबईत ह्यांचे मित्र आहेत, नाक्यावरचा चहा आहे. ते त्या रात्रीपासून माझ्या मनात कुसळासारखं रुतून बसलं.

पुढचा शिमगा जवळ आला. नेहमीप्रमाणे फांद्या तोडून वाळत टाकलेल्या होत्या, यंदा ह्यांनी; कशासाठी ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. एक दिवस मी कुदळ घेऊन राबाच्या तुकड्यावर गेले. कुणाला दाखवायला नव्हे, मला बघायचं होतं. भाजलेल्या बाजूला कुदळ ठण्ण वाजली. जांभ्याचीच जमीन, त्यात भाजलेली. पण जरा खाली गेल्यावर तिथेही एक गांडूळ निघालं, जाडजूड. म्हणजे सगळं जळत नाही. न भाजलेल्या बाजूला माती हाताने फुटली. आत बारीक बारीक भोकं, कुजक्या पानाला चिकटलेले पांढरे धागे, आणि वास जंगलातल्यासारखा. ह्यांनी मोबाइलला लावायचं एक भिंग आणून ठेवलं होतं, त्याची मी वर्षभर टिंगल केली होती. ते पदराखाली लपवून आणलं होतं. चिमूटभर माती त्याखाली धरली. आधी काही दिसेना. मग एक पांढरा ठिपका चालायला लागला. त्याला शिंगं होती. मी श्वास सोडला तशी त्याने टुणकन उडी मारली आणि दिसेनासा झाला.

किती वेळ मी तो शोधत होते. उन्हं डोक्यावर आली. त्याचा मला काय उपयोग, तो मुंग्यांसारखाच माझं बी खाणारा की न खाणारा, हेही मला माहीत नाही. पण हा इथे राहतो, एवढं मी पाहिलं, आणि पाहिल्यावर त्यावर काडी कशी ओढायची ते मला कळेना. भाजायचं नाही, असं मी ठरवलं. तण काढीन. हळूहळू काढीन, चाचीला बरोबर घेईन, पिढ्यावर बसून काढीन. मुलाला सांगीन, रोप टाकलंय, येत नाही. आणि ह्यांना सांगीन की तुमचंच बरोबर होतं. हे शेवटचं सांगणं जड जाणार होतं, म्हणून ते मी दोन दिवस पुढे ढकललं.

तिसऱ्या दिवशी हेच म्हणाले, "तुझं तोंडात ओढायचं औषध संपत आलंय. दापोलीला जाऊन ये. डॉक्टरांना दाखवूनच ये, घाई करू नकोस." मला बरं वाटलं. संध्याकाळी परत येऊन सांगू, असं मनाशी म्हणत मी गाडीत बसले.

परतीच्या गाडीतून उतरले आणि घराकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या, आमच्या पाखाडीच्या, वरच्या वळणावर थांबले. आमच्या शेताच्या बाजूला धूर. आधी वाटलं चाचीचा असेल. मग बघितलं, धूर बांधाच्या अलीकडचा होता. मी पाखाडी कशी उतरले ते आठवत नाही. पदर नाकाला लावला होता एवढं आठवतं.

राब भाजून झाला होता. दोन्ही बाजू. मधला बांधसुद्धा दिसत नव्हता. हे कडेला उभे, चेहरा काळा, डोळे लाल, एका बाजूची भुवई जळलेली, आणि खोकत होते. पेटवला होता चुकीच्या टोकाने. वाऱ्याबरोबर भडकला असणार. एका कोपऱ्यात तर शेण कच्चंच राहिलं होतं.

"हे काय केलंत?" माझ्या तोंडून एवढंच आलं. "तुम्ही? तुम्हीच?"

"जवळ येऊ नकोस," ते म्हणाले. "धूर आहे अजून. म्हणून तर तुला पाठवली."

"पण तुम्ही तर म्हणत होतात जीव मरतात."

"मरतात ना." ते खाली बघत होते. "पण नाही भाजलं तर तण येतं. तण आलं की तू वाकतेस. वाकलीस की मुलगा नेतो तुला. मग ही जमीन आणि ते जीव घेऊन मी एकटा काय करू?"

माझ्या छातीतली शिट्टी वाजायला लागली. धुराने की कशाने, कोण जाणे. मी सांगायला आले होते की भाजू नका, आणि ज्यांनी भाजू नका म्हणून वर्षभर माझं डोकं खाल्लं त्यांनी माझ्यासाठी ते भाजून टाकलं होतं. आता कोण बरोबर, मी की ते? आणि कालची मी बरोबर की आजची?

"कोणाला विचारलंत?" मी म्हटलं. "मी नाही म्हणणार होते. मी भिंगातून बघितलं."

"काय बघितलंस?"

"शिंगं होती त्याला. उडी मारली."

ते मला फणसाच्या झाडाखाली घेऊन गेले. तिथे सावलीत आमच्या घरातली असतील नसतील तेवढी घमेली, पाट्या, एक जुनी बादली, आणि माझं पिठाचं पातेलंसुद्धा ओळीने मांडलेलं होतं. सगळ्यांत माती. काळी, भुसभुशीत, वर कुजकी पानं. न भाजलेल्या बाजूची.

"पेटवायच्या आधी वरवरची काढून ठेवली," ते म्हणाले. "होती तेवढी भांडी भरली. राब गार झाला की परत पसरू. त्यांना चालेल का ते माहीत नाही मला."

"मलाही माहीत नाही," मी म्हटलं.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. आवाज ऐकूनच त्याने विचारलं, दम लागलाय का. मी म्हटलं, लागलाय, औषध आणलंय. आणि मे महिन्यात यायचं असेल तर ये, पण पेरायला ये, तुझ्या बाबांना राब भाजता येत नाही. तो काहीतरी म्हणत होता, मी फोन ह्यांच्या हातात दिला.

हे खोकत खोकत त्याच्याशी बोलत राहिले. मी विहिरीवरून कळशी आणली आणि पातेल्यातल्या मातीवर हाताने पाणी शिंपडलं. मग घमेल्यांवर. दिवसभर उन्हाची झळ लागली असणार त्यांना, आणि आगीचीही.